उसना नाद

तांबळखोलच्या खाडीत बुवा उभे राहिले त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. त्या सकाळी दर्शना सारंगच्या हातातलं कौल कुणी पाहिलं असतं, तर कीर्तन चांगलंच रंगलंय हे त्याला वेगळं सांगावं लागलं नसतं.

बुवा म्हणजे माणूस नव्हे, यंत्र. खाडी समुद्राला मिळते त्या मुखाशी, तीन वाव, म्हणजे अठरा-एक फूट, पाण्याखाली, तळाच्या खडकात रोवलेले अकरा कर्णे आणि काठावरच्या पेटीत त्यांचा मेंदू. हे यंत्र आणणाऱ्या डॉ. रेहाना मुकादम यांनी त्याला कागदोपत्री एक लांबलचक नाव दिलं होतं. ते नाव उच्चारायला गेलेल्या सरपंचांची जीभ दोनदा अडखळली. शेवटी दर्शनाच्या सासूनं, भागीरथीबाईंनी, निकाल दिला. "हो पाण्यात उभो रवान गाता आणि श्रोते गोळा करता. मगे ह्याका बुवा नाय तर काय म्हणतलास?" तेव्हापासून बुवा ते बुवाच.

आणि श्रोते? श्रोते म्हणजे कालवांची, खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांची, पिल्लं. जुनी मंगलोरी कौलं चुन्यात बुडवायची, तारेत ओवायची, खाडीत टांगून ठेवायची. पिल्लं येऊन त्यांच्यावर बसतात, मिरीएवढी होतात, मग नखाएवढी. एकदा बसलं की कालव जन्मभर जागा सोडत नाही.

"दोनशे साठ," दर्शना म्हणाली.

शेजारी होडीत वल्हं धरून बसलेला तिचा नवरा गितेश म्हणाला, "परत मोज."

"दोनदा मोजलंय."

"मगे तिसऱ्यांदा मोज. माका आयकाक बरा वाटता."

ती हसली. पहिल्या वर्षी एका कौलावर चाळीस पिल्लं बसली होती, तेव्हा गावानं नारळ फोडला होता. आता दोनशे साठ! आणि पाणी बघा. प्रत्येक कालव दिवसभर पाणी ओढतं, त्यातला गाळ आणि शेवाळ खातं आणि स्वच्छ पाणी बाहेर सोडतं. हजारो कालवं बसली की खाडीला हजारो गाळण्या लागल्यासारखं होतं. गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या दर्शनाला स्वतःच्या पायांची नखं दिसत होती. लग्न होऊन या गावात आली तेव्हा याच पाण्यात हात घातला तर बोटंसुद्धा दिसत नव्हती.

तेव्हाची खाडी मेलेली होती. वाळू उपशानं तळ खरवडला होता, वरच्या कारखान्यांचं पाणी उतरत होतं, काठाची कांदळं, खारफुटीची झाडं, सरपणाला गेली होती. गावानं दहा वर्षं खपून ते सगळं थांबवलं. उपसा बंद पाडला, कारखान्याचा पाइप कोर्टातून काढवला, चिखलात उतरून बायकांनी कांदळाची रोपं लावली. पाणी सुधारलं. पण कालव येईना. घर सारवून, दारात रांगोळी घालून बसावं आणि पाहुण्यानं दारावरून पुढं निघून जावं, तशी गत.

का? ते रेहाना मॅडमनी देवळाच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं होतं.

कालवाचं पिल्लू जन्मतं तेव्हा टाचणीच्या टोकाहून बारीक असतं. ओहोटीबरोबर ते खाडीबाहेर वाहत जातं आणि दोन-तीन आठवडे उपसागरात भटकतं. प्रवाहाविरुद्ध पोहण्याचं बळ त्याच्यात नाही. त्याला एकच गोष्ट जमते, वर तरंगायचं की खाली बसायचं, तेवढी. भरतीच्या वेळी ते एखाद्या खाडीच्या मुखाशी खाली बसलं, तर तळाचं पाणी त्याला आपसूक आत नेतं. वरच राहिलं तर पुढं निघून जातं. मग खाली बसायचं कधी, हे त्याला कळतं कसं? ऐकून! त्याला कान नाहीत, पण अंगात कणाएवढा एक खडा असतो. पाण्यातून नाद आला की तो खडा हलतो.

"आणि जिवंत खाडी बोलते," मॅडम म्हणाल्या होत्या. त्यांनी एकेकाच्या कानाला हेडफोन लावला. आतून तडतड तडतड असा आवाज येत होता.

"मोहरी तडतडता तसा," भागीरथीबाई म्हणाल्या.

"बरोबर. एक नांगी मोठी असलेली बारकी कोळंबी असते. कालवांच्या फटींत राहते आणि नांगी वाजवते. अशा लाखो. पिल्लाला ही फोडणी ऐकू आली की त्याला कळतं, इथं चूल पेटलेली आहे. तुमची खाडी स्वच्छ आहे, पण मुकी आहे. म्हणून आपण तिला थोडे दिवस उसना नाद देऊ. कालवं बसली की त्यांच्या फटींत कोळंबी येईल. खाडी आपली आपण बोलायला लागली की यंत्र काढून घ्यायचं."

म्हणजे बुवांनी नाम सुरू करून द्यायचं आणि पुढं ते श्रोत्यांनी उचलायचं. गावाला हे लगेच पटलं.

हा नाद उसना आणला कुठून? सोनवळच्या खाडीतून. डोंगराचं एक नाक समुद्रात घुसलंय, त्याच्या अलीकडे तांबळखोल, पलीकडे सोनवळ. दोन्ही खाड्या एकाच उपसागरात उतरतात. सोनवळ हे दर्शनाचं माहेर. तिथले कालवांचे बांध, म्हणजे कालवावर कालव बसत पिढ्यान् पिढ्या वाढलेल्या भिंती, अजून शाबूत होत्या. तिचा थोरला भाऊ केशव तारी यानं मॅडमना चार दिवस होडीतून हिंडवलं. आवाज नीट टिपता यावा म्हणून अख्ख्या सोनवळनं चार दिवस होड्यांची इंजिनं बंद ठेवली. काम झाल्यावर केशव बहिणीला म्हणाला होता, "तुझ्या खाडयेची ओटी भरलंय बाय. ह्याच्यापरीस मोठा माझ्याकडे काय नाय."

दर्शना यंत्राची राखणदार. पेटीवर एक ते दहा आकड्यांचा खटका होता आणि तीनवर लाल रेघ. "तीनच्या वर नको. वरचं आम्ही अजून तपासलेलं नाही," एवढंच मॅडमनी बजावलं होतं. पण पहिल्या वर्षीचा नारळ फोडून झाल्यावर भागीरथीबाई सहज म्हणाल्या, "आपल्या जत्रेक कर्णे बारीक ठेवले तर वरच्या वाडीची माणसा येतत काय? आवाज मोठो तेव्हडी गर्दी मोठी." दर्शनाला ते इतकं सरळ वाटलं, की दुसऱ्याच दिवशी तिनं खटका आठवर नेला. वहीत मात्र रोज 'तीन' लिहीत राहिली. आपल्या हातून वाईट काही घडतंय असं तिला वाटतच नव्हतं. प्रसाद थोडा जास्त वाटला तर ती काय चोरी होते?

भाऊबीजेला केशव आला. पाटावर बसला, ओवाळून घेतलं, लाडू खाल्ला आणि मग हळूच पिशवीतून तीन कौलं काढून जमिनीवर मांडली. कौलं कोरी होती. चुन्याचा पांढरा थर जसाच्या तसा.

"ह्या बघ गो. तुका कळता ह्यातला."

"चुनो चुकलो असात."

"चुनो तोच, हात तेच, खाडी तीच. गेल्या वर्षी निम्मी बसली होती. ह्या वर्षी एकव नाय." केशव हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, "तुझी वयनी काय म्हणता आयक. म्हणता, तुमी खाडयेचो आवाज बहिणीक दिलास, म्हणान खाडी रुसली. मी म्हटलंय, आवाज म्हणजे काय दागिनो? दिलो म्हणान कमी जातलो?"

दर्शनानं गितेशकडे पाहून डोळ्यांनी खूण केली. पण गितेशचा आनंद पोटात राहणारा नव्हता. "आमच्या एका कौलार दोनशे साठ बसली, दादानु!"

केशवनं वर पाहिलं. त्याचा चेहरा उजळला, आणि तो उजेड अगदी खरा होता, ह्यातच सगळं आलं. "दोनशे साठ? बरा झाला रे. माझ्या भयणीची खाडी भरली. एक तरी भरली."

दर्शनानं जमिनीवरची कोरी कौलं पाहिली. तिला आठवलं, ती पिल्लं कुणाच्या आवाजाला भुलून येतात ते. तांबळखोलच्या खाडीत बीज सोडण्याइतकी वाढलेली कालवंच नव्हती, मग पिल्लं तरी कुणाची? सोनवळच्या बांधांवर जन्मायची, ओहोटीबरोबर बाहेर पडायची, आणि परत घरी जायला निघाली की डोंगराच्या नाकाअलीकडूनच घरचा आवाज यायचा. खऱ्या घरापेक्षा मोठा. बिचारी तिथंच खाली बसायची.

भाऊ गेल्यावर ती पेटीपाशी गेली आणि खटका तीनवर आणला. मनाशी म्हणाली, झालं, आता सगळं आपोआप सुरळीत होईल. कुणाला काही सांगायची गरज नाही.

पण चूक आपोआप मिटत नाही. चार दिवसांनी रेहाना मॅडमचा फोन आला.

"दर्शनाताई, सोनवळच्या कौलांचं कळलं ना? मला एक सांगा, आपलं यंत्र कितीवर आहे?"

"तीनवर, मॅडम." त्या घडीला ते खरंही होतं.

"आणि ऑगस्टपासून?"

खाडीवरून एक बगळा उडाला. दर्शना तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली.

"तीनच. वहीत आहे."

"मला वाटलंच. तीनवर आवाज मुखाच्या पलीकडे जात नाही, म्हणजे यंत्राचा दोष नाही. मग उरतो रोग. सोनवळची कालवं आजारी असली तर बीज कमजोर निघणार." मॅडमचा आवाज उतरला. "मत्स्यखात्याचं म्हणणं, संशय असेल तर थांबायचं नाही. दोन वर्षं कालवं काढायला बंदी, आणि जुने बांध फोडून चुन्यानं जाळायचे. नाहीतर रोग तुमच्या नव्या कालवांना लागेल. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी माणसं येतील. मला फार वाईट वाटतंय हो, तुमचं माहेर."

फोन ठेवल्यावर दर्शना ओट्यावर बसून राहिली. बांध फोडणार. जे बांध तिच्या आजोबांच्या आजोबांनीही तसेच पाहिले होते. वयनी प्रणाली त्याच बांधांवर टोच्यानं कालवं फोडून दोन पोरींना शिकवत होती. आणि हे सगळं दोन शब्दांनी थांबणार होतं. 'आठवर होता' एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं तर यंत्र जाईल. दहा वर्षं चिखलात राबलेल्या बायका विचारतील, तुझ्यावर विश्वास टाकला तो यासाठी? गितेश विचारेल. आणि दादा? त्याला तर तिनं समोरासमोर, ओवाळणीच्या ताटाशी बसून, 'चुनो चुकलो' म्हणून सांगितलं होतं.

पौर्णिमेपर्यंत नऊ दिवस होते. आठ दिवस ती गप्प राहिली.

सोनवळला त्रिपुरी पौर्णिमेचा उत्सव असतो. संध्याकाळी दिवे लागले की कीर्तन. तांबळखोलच्या बायका होड्या करून येतात. दर्शना सासूबरोबर आली. दीपमाळ पेटली होती, सभामंडपात ओळीनं बायका बसल्या होत्या. पेटीवाल्यानं सूर धरला, आणि श्रीधरबुवा उपरणं सावरून उभे राहिले. सत्तरीचे, किरकोळ अंगाचे, पण चिपळ्या हाती घेतल्या की वीस वर्षांनी लहान होणारे.

नमन झालं. बुवांनी लगेच निरूपणाला हात घातला नाही. मंडपावर नजर फिरवली आणि दोन्ही हात जोडले.

"मायबाप, आधी एक नमस्कार शेजारच्या गावाला. पाण्यावरून आवाज लांब जातो. सोनवळच्या देवळात कीर्तन उभं राहिलं की तांबळखोल आपल्या देवळाचे कर्णे उतरवून ठेवतं, नगाराही वाजवत नाही. आणि त्यांच्या शिवरात्रीला तुम्ही गप्प राहता. ही रीत तुमच्या वाडवडिलांची. माझा म्हाताऱ्याचा आवाज तुमच्यापर्यंत पोचतो तो माझ्या गळ्यामुळं नव्हे. ते गप्प आहेत, म्हणून पोचतो."

सगळा मंडप तांबळखोलच्या बायकांकडे कौतुकानं बघायला लागला. भागीरथीबाईंची मान ताठ झाली. दर्शनाची खाली गेली.

बुवांनी निरूपणाला श्रवणभक्ती घेतली होती. नऊ भक्तींतली पहिली. एक पद झालं, टाळ थांबले, आणि ते अगदी घरातलं बोलल्यासारखं बोलू लागले.

"श्रवण पहिलं का? अहो, मूल आईच्या पोटात असतं तेव्हा त्याला दिसत नाही, चालता येत नाही, पण ऐकू येतं. ऐकणाऱ्यासारखा भाबडा जीव नाही. जिथं नाम ऐकू आलं तिथं तो बसला. नाम खरं आहे का, बोलवणारा कोण, त्याच्या मनात काय, याची चौकशी तो करीत नाही. म्हणून ऐकणारा चुकला तरी त्याच्या माथी दोष नाही. सगळं ओझं गाणाऱ्यावर! मी इथं उभा राहून खोटं बोललो आणि तुम्ही ते खरं मानून घरी गेलात, तर पाप कुणाचं? तुमचं? छे. या गळ्याचं!" त्यांनी आपला गळा दोन बोटांत धरला. "म्हणून बाबांनो, ज्याला आवाज मिळाला त्यानं फार जपून राहावं."

पुन्हा टाळ झडले. बायका डोलत होत्या. दर्शनाच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि शेजारच्या म्हाताऱ्या तिच्याकडे बघून एकमेकींना खुणावत होत्या की पोरीच्या अंगी भाव आहे.

आरती झाली. केशव खिरापतीचं ताट घेऊन ओळीनं वाटत होता. खोबरं आणि साखर. प्रणाली मागून तीर्थ देत होती. दर्शनाची पाळी आली तेव्हा तिनं हात पुढं केला नाही.

"दादा, रोग नाय."

"काय?"

"तुमच्या खाडयेक रोग बीग काय नाय. बांध फोडूक देव नको. मी बुवाक आठार ठेवलंय. दोन वर्सा. वहीत तीन लिवलंय, आणि मॅडमाक खोटा सांगितलंय." तिनं श्वास घेतला. "तुमची पिल्ला तुमच्या खाडयेत येयत होती. मी त्यांका वाटेत बोलवलंय. तू दिलेल्या आवाजान."

मागची रांग थांबली. दिव्यांचा उजेड केशवच्या तोंडावर होता, पण त्यावर काही वाचता येत नव्हतं.

बोलली ती प्रणाली. "म्हंजे आमची पोरा आमच्या दारातसून उचलून नेलंस. आणि भाऊबीजेक ओवाळलंस. आणि मी ह्या माणसाक महिनोभर बोलतंय, की तुमी आवाज दिलास म्हणान खाडी रुसली!" तिनं तीर्थाचं भांडं खाली ठेवलं. "ह्यो तीन रात्री जेवलो नाय, ठावक हा तुका?"

"माझ्या तोंडातसून गेलेली गोष्ट ती," भागीरथीबाई मध्येच म्हणाल्या. "आवाज मोठो कर म्हणान मीच..."

"तुमी सांगितलास, केलंय मी," दर्शना म्हणाली. "आणि वही माझ्या हातची."

केशवनं ताटात बोटं घातली, चिमूटभर खोबरं-साखर उचलली आणि बहिणीच्या तळहातावर ठेवली. प्रसाद कुणालाच नाकारायचा नसतो. पण ठेवताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, आणि पुढच्या माणसाकडे वळला.

तिनं तिथूनच मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं.

"मला राग आलाय," मॅडम म्हणाल्या, "आणि तो लवकर जाणार नाही. पण थोडा माझ्यावरही आहे. आवाज पाण्यात मोजायचा सोडून मी तुमच्या वहीतला आकडा धरला. उद्याची माणसं थांबवते. तपासण्या करायला लागतील, पण बांधांना हात लावू देणार नाही. तुमच्याकडे येते. गाव गोळा करा."

गाव गोळा झालं. दर्शनानं सगळं पुन्हा सांगितलं. कुणी शिव्या दिल्या नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. ज्या बायकांबरोबर ती कमरेइतक्या चिखलात उतरली होती त्या पदराशी चाळा करत खाली बघत होत्या. राखणदारी तिच्याकडून गेली, त्यावर तर चर्चाच झाली नाही.

मॅडमनी पुढचं सांगितलं. पिल्लं आत येतात ती मोठ्या भरत्यांना, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला. हंगामातली अशी दोन उधाणं उरली होती, कार्तिकातली अमावास्या आणि मार्गशीर्षातली पौर्णिमा. "यंदा उपसागरात पिल्लं थोडीच उरली आहेत. यंत्र पूर्ण बंद ठेवलं, तर जी आहेत ती आपल्या घराचा आवाज ऐकून सोनवळला जातील. तीनवर ठेवलं तरी आपल्या मुखाशी आलेली काही इकडे वळतील. ठरवायचं तुम्ही."

"म्हंजे आमी एकव घेवचा नाय?" गितेश उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला होता. "दहा वर्सा ह्या चिखलात काढली, ती दुसऱ्या गावाक देवक? बायको माझी आसा म्हणान बोलणा नाय ता नाय. तिच्या माहेराक काय होया ता तिका दिसता. ह्या खाडयेचा कोण बघतला?"

चारदोन माना हलल्या. त्याचं काही खोटं नव्हतं.

मग भागीरथीबाई उठल्या. गुडघ्यांवर हात देत, सावकाश. "रे गितेशा, बस. तू माझो झील, म्हणान सगळ्यांसमोर बोलतंय. आपलो बुवा गाता चांगलो. पण तो पोरा पैदा करता काय?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"हसा नको. पोरा होतत ती सोनवळच्या बांधार. ती आये उपाशी रवान मेली तर पुढल्या वर्षी तुझ्या कौलार कोण बसतला? तुझो सासरो?" आता सगळेच हसले, गितेशसुद्धा अर्धवट. म्हातारी मात्र हसली नाही. "आणि दुसरी गोष्ट. त्यांचा कीर्तन असता तेव्हा आपण देवळाचे कर्णे उतरवतंव. देवाच्या कामाक जा पाळतंव, ता पोटाच्या कामाक कित्याक पाळू नये? माका ह्या दोन वर्सांआदी सुचाक होया होता. सुचला नाय. उलटाच सुचला."

हात वर करून मोजणी झाली. बंद ठेवावं म्हणणारे एकोणीस, नको म्हणणारे चौदा. गितेशचा हात चौदांत होता. आणि नवा राखणदार म्हणून गावानं निवडलं तेही गितेशलाच. सरपंच म्हणाले, "जो बंद करूक नको म्हणता, त्यानंच बंद केल्यान म्हंजे कोणाक शंका नको." गावाची अक्कल अशी कधीकधी कायद्याच्या पुढं चालते.

अमावास्येच्या सकाळी गितेशनं पेटी उघडली, खटका शून्यावर आणला आणि वहीत मोठ्या अक्षरांत शून्य लिहिलं. दर्शना होडी धरून पाण्यात उभी होती. त्यानं वही उघडीच तिच्याकडे वळवली, शाई वाळायच्या आत. आठवडाभर तो तिच्याशी कामापुरतंच बोलत होता.

"बघ. खरा लिवलंय."

"बघितलंय."

"माका पटला नाय हां अजून."

"म्हायती हा."

"पण बंद केलंय."

"ता पण म्हायती हा," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातलं वल्हं घेऊन होडी वळवली.

तांबळखोलच्या नव्या कौलांवर त्या उधाणात काहीही बसलं नाही. पौर्णिमेच्या उधाणातही नाही. बायका रोज कौलं वर काढून बघत आणि परत सोडत. कुणी दर्शनाला काही म्हणत नव्हतं. एकदा मात्र, तारेला गाठ मारताना, शेजारची सुनंदा म्हणाली, "ती तार धर गो जरा, माझो हात पोचणा नाय," आणि दर्शनानं ती तार अशी धरली, जणू तिच्या हाती देवाच्या पालखीचं निशाणच दिलंय.

सोनवळकडून बोलावणं नव्हतं. महिना झाला. केशवनं एकदा फोन केला, तपासणीत रोग सापडला नाही एवढं सांगून ठेवला. प्रणालीचं नावही त्यानं काढलं नाही. दर्शनानं आपणहून जायचं दोनदा ठरवलं आणि दोनदा होडीपासून परत आली. कुठल्या तोंडानं जायचं?

मग पौषातल्या एका सकाळी फोन वाजला. केशवच होता.

"तुझी वयनी म्हणता, कौला काढतंव, मोजूक ये. तिका मोजूक जमणा नाय म्हणता."

प्रणाली सोळा वर्षं कालवं काढत होती. मोजायला तिला कुणी शिकवायला नको होतं. दर्शना पाच मिनिटांत होडीत होती.

प्रणाली गुडघाभर पाण्यात उभी होती, साडी वर खोचलेली, डोक्याला टॉवेल बांधलेला. तिनं नणंदेकडे न बघता तारेतलं पहिलं कौल सोडवलं आणि पुढं केलं. दर्शनानं ते उन्हाकडे तिरकं धरलं. चुन्यावर ठिपके होते. बोट फिरवलं तर खरखरीत लागत होते. तिनं मोजले. मग खात्री करायला पुन्हा मोजले.

"एकतीस."

"एकतीस," प्रणालीनं स्वतःशी म्हटलं. बांधाच्या कडेला बसलेला केशव उठून उभा राहिला. प्रणालीनं विचारलं, "पुरतली?"

खोटं बोलायला ही जागा फार सोपी होती. हो म्हटलं असतं तर तिघांनाही बरं वाटलं असतं.

"पुराची नाय, वयनी," दर्शना म्हणाली. "पूर्वीच्या निम्मीव नाय. दोन-तीन वर्सा तुमका कालवा कमी काढूची लागतली. पण बांध जगतलो."

प्रणालीनं खोल श्वास सोडला. कौल परत घेतलं, तारेत ओवलं आणि पाण्यात सोडलं. मग पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत राग होता. तो अजून गेलेला नव्हता, आणि तो लपवायची प्रणालीला गरज वाटत नव्हती.

"आयक. पुढल्या वर्षी तुमचो बुवा उभो करूचो असलो, तर कधी करतलास, कितीर करतलास, ता आदी विचारूक येवचा. फोन नको. होडयेन येवचा. मी हो म्हटल्यार लावायचो, नको म्हटल्यार नाय."

"होय."

"आणि गितेशाकव घेवन ये. वहीत लिवता तो. त्याचा अक्षर माका बघूचा हा."

"घेवन येतंय."

प्रणालीनं दुसरं कौल सोडवलं आणि नणंदेच्या हातात दिलं. केशवकडे वळून, जरा ठसक्यातच, म्हणाली, "तुमी उबे काय रवलास थय? घराकडे जावन भात वाढवन ठेवा. ही जेवल्याशिवाय जाताली काय?"

केशव हसू लपवायला तोंड फिरवून वळला आणि चिखलातून झपझप चालायला लागला. दर्शनानं ओलं कौल उन्हाकडे धरलं आणि मोजायला सुरुवात केली.